चांदण्यात पक्षी ऐकायला चला

पक्षी पाहायचे तर पहाटे उठून जावे, असे सगळेच सांगतात. पक्षी ऐकायचे तर रात्री जावे, आणि चांदणे असेल तेव्हा जावे, असे फारसे कोणी सांगत नाही. मला ते सांगायचे आहे. बायकांना, मुलींना आणि शाळा चालवणाऱ्यांना तर आवर्जून सांगायचे आहे.

मी सोलापुरात उर्दू आणि मराठी शिकवते. पक्षीशास्त्राशी माझा संबंध थोडे वाचन आणि घराची गच्ची एवढाच. पण बीएडला आम्हाला भाषेची चार कौशल्ये शिकवली होती: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. या क्रमात श्रवण पहिले आहे. प्रत्यक्ष वर्गात मात्र त्याला तासच मिळत नाही. 'गप्प बसा आणि ऐका' असे आपण म्हणतो, त्यातले 'गप्प बसा' तेवढे अमलात येते. कान लावून ऐकणे, दोन आवाजांतला फरक ओळखणे, ऐकलेले स्वतःच्या अक्षरांत उतरवणे, हे आपण शिकवत नाही. रात्रीचे पक्षी हा त्यासाठी सर्वांत चांगला पाठ आहे, कारण तिथे बघायला जवळजवळ काहीच नसते.

उर्दूच्या तासाला बुलबुल दर वर्षी येतो. गझलेतला बुलबुल फुलाचा आशिक असतो, रात्र रात्र आक्रोश करतो. एका वर्षी आठवीतल्या मुलीने विचारले, "मिस, आमच्या पेरूवर बुलबुल आहे. तो तर मगरिबला झोपून जातो." तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. फारसी शायरीतला बुलबुल म्हणजे ज्याला इंग्रजीत नाइटिंगेल म्हणतात तो पक्षी. तो युरोपात, इराणात, मध्य आशियात घरटे करतो आणि हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. आपल्याकडे तो राहत नाही. आपला लालबुड्या बुलबुल वेगळ्याच कुळातला, दिवसा बोलणारा आणि रात्री झोपणारा पक्षी आहे. शब्द हिंदुस्थानात आला, पक्षी आला नाही, आणि नाव इथल्या पक्ष्याला चिकटले. त्या दूरच्या बुलबुलाचा नर रात्री गातो तो मुख्यतः जोडीदारीण मिळेपर्यंत. ती मिळाली की रात्रीचे गाणे बहुधा थांबते. शायरांनी त्यात विरह ऐकला, त्यात काही वावगे नव्हते.

मला त्या मुलीचा प्रश्न पुढे न्यावासा वाटला. गझलेतला बुलबुल आपल्याकडे नाही, हे ठीक. मग आपल्या रात्रीत कोण बोलतो? वर्गात चाळीस मुली होत्या. घुबड आणि टिटवी यांच्या पुढे यादी गेली नाही, आणि ही दोन नावे घेतानाही दोघीतिघींनी 'तौबा' म्हटले.

खरे तर यादी मोठी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पावशा बोलू लागतो. तो दिवसाही बोलतो, पण चांदण्या रात्री त्याला थांबवत नाही. चढत चढत जाणारा, अगदी वर पोचून तुटणारा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा आवाज. मराठी शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येते. याच पक्ष्याला उर्दू-हिंदीत पपीहा म्हणतात आणि तिथे तो 'पी कहाँ' विचारतो. बंगालीत तो 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, असे रडतो. इंग्रजांना त्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आले. पक्षी एक, आवाज एक. ज्याच्या मनात पेरणीची चिंता त्याला पेरणी ऐकू आली, ज्याच्या मनात सजण त्याला सजण, आणि ज्याला इथला उन्हाळा सोसवत नव्हता त्याला मेंदूचा ताप. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे मला हा पक्षी म्हणजे फुकट मिळालेला अख्खा धडा वाटतो. ऐकणारा आपले काय काय त्या आवाजात घालतो, हे मुलींना दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने इतके पटकन समजत नाही.

मग रातवा आहे. सोलापूरसारख्या माळरानाच्या मुलखात हा पक्षी दिवसभर जमिनीवर पाचोळ्यासारखा पडून असतो. पाय पडेपर्यंत दिसत नाही. रात्री तो 'चक्-चक्-चक्-चर्रर्र' असे बोलतो. इंग्रजी पुस्तके सांगतात की गोठलेल्या तळ्यावरून दगड घसरत जावा तसा हा आवाज आहे. सोलापूरकराने गोठलेले तळे कधी पाहावे! माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितले तेच मला पटले: फरशीवर गोटी पडते, उड्या मारते, उड्या जवळजवळ येत जातात आणि मग ती घरंगळते. अगदी तसा. रातवा उडणारे किडे डोळ्यांनी पाहून पकडतो, म्हणून चांदण्या रात्री त्याला शिकारीला जास्त वेळ मिळतो. अमावास्येला त्याचे काम संध्याकाळ आणि पहाट एवढ्यावर येते. पौर्णिमेच्या सुमारास रात्रभर त्याची दिवाळी असते.

करवानक आहे, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा, माळावर टिटवीपेक्षा वेगळ्या, वाढत जाणाऱ्या शिट्ट्या घालणारा. रातबगळा आहे, डोक्यावरून जाताना एकदाच 'क्वाक्' करणारा. उन्हाळ्यात कोकीळ पहाटे तीनलाच सुरू होतो. गेल्या काही वर्षांत रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येत होता, तेव्हा सहरीला उठले की फजरच्या अजानीआधी दयाळ गायला लागलेला असे. रोजा ठेवणाऱ्या किती घरांनी तो ऐकला असेल? त्या वेळी आपण भांड्यांच्या आणि घड्याळाच्या मागे असतो.

रात्रीच्या या ऐकण्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मी हे लिहायला घेतले. दिवसाचे पक्षीनिरीक्षण खूप काही मागते. दुर्बीण मागते, गाडी मागते, आणि सगळ्यांत महाग म्हणजे मोकळी सकाळ मागते. आमच्यासारख्या बायकांची सकाळ कधी मोकळी असते? पाणी, डबे, पोरांचे दप्तर, सासऱ्यांचे औषध, मग शाळेची घंटा. सकाळी सहाला गळ्यात दुर्बीण अडकवून तलावावर जाणारी मंडळी मी पाहते. त्यांत बाई क्वचित असते आणि आमच्या मोहल्ल्यातली तर जवळजवळ नसतेच. याउलट रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की अर्धा तास आपला असतो. रात्रीचा पक्षी दिसायला नको, त्याच्या मागे जायला नको. तो आपण आहोत तिथे आवाज पाठवतो. गच्चीवर उभ्या असलेल्या बाईच्या आणि मोठ्या अभ्यासकाच्या कानांत या बाबतीत काही भेद नाही.

मला हे भारनियमनाच्या दिवसांत कळले. आमच्या भागात रात्रीचा आवाज म्हणजे यंत्रमागांची खटखट. ती इतकी सवयीची की झोपेतही कळत नाही. वीज गेली की माग एका क्षणात थांबत आणि सगळा मोहल्ला गच्चीवर येई. त्या शांततेत पहिल्यांदा गव्हाणी घुबडाची ती कापड फाडल्यासारखी किंकाळी मी नीट ऐकली. बायका खाली पळाल्या. माझ्या अब्बांनी मात्र सांगितले, "बसा, त्याला उंदीर हवेत, आपण नको." त्यानंतर वीज आली तरी मी रात्री वर जात राहिले.

आता या भीतीबद्दल बोलायला हवे, कारण खरा प्रश्न तोच आहे. रात्रीच्या पक्ष्यांइतके बदनाम दुसरे कोणी नसेल. टिटवी ओरडली की कोणाचे तरी बरेवाईट होणार. पिंगळा घरावर बोलला की घरात वाईट बातमी येणार. घुबडाचे तर विचारूच नका. याबाबतीत हिंदू-मुसलमान असा काहीही फरक नाही; आमची नानी आणि शेजारच्या काकू यांची श्रद्धास्थाने वेगळी होती, पण घुबडाला दगड मारण्यावर दोघींचे एकमत होते.

भाषा शिकवणारी म्हणून मला यातली एक गंमत नेहमी सांगावीशी वाटते. अरबीत अपशकुनाला 'तियरा' म्हणतात. तो शब्द 'तैर' म्हणजे पक्षी यावरून आला. इकडे संस्कृतात 'शकुन' या शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या मुलखांत माणसांनी आपल्या नशिबाचा भार पक्ष्यांच्याच पंखांवर टाकला. इस्लामपूर्व अरबस्तानात असा समज होता की ज्याच्या खुनाचा बदला घेतला गेला नाही त्याचा आत्मा घुबडासारखा पक्षी होऊन कबरीवर ओरडत राहतो. त्याला 'हामा' म्हणत. पैगंबरसाहेबांनी तियरा आणि हामा या दोन्ही समजुती स्पष्ट शब्दांत नाकारल्या. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ते नोंदलेले आहे. म्हणजे घुबडाला घाबरणे हा आमचा दीन तर नाहीच, उलट दीनाने चौदाशे वर्षांपूर्वी ते मोडीत काढले. तरीही घरात तीच भीती जिवंत आहे. मनाई केल्याने भीती जात नाही, ओळख झाल्याने जाते.

भीतीची कारणे तपासली तर ती सगळी उलटी लावलेली दिसतात. उर्दूत एखादी वस्ती उजाड झाली की तिथे 'उल्लू बोलतात' असे म्हणतात. पण घुबड येते म्हणून जागा उजाड होत नाही. घुबडाला आणि पिंगळ्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली किंवा पडक्या भिंतीतली बीळ लागते. गावात जुनी झाडे आता कुठे राहिली? कब्रस्तानात, स्मशानात, जुन्या देवळाच्या आवारात, किल्ल्यात. तिथे कुऱ्हाड चालवायला लोक बिचकतात म्हणून झाडे वाचली, झाडे वाचली म्हणून पक्षी वाचले, आणि पक्षी तिथे बोलतात म्हणून लोक त्यांना मरणाशी जोडतात. टिटवीचेही तेच. ती उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. रात्री कुत्रा, कोल्हा किंवा माणूस जवळ आला की ती आकांत करते. आपण तिच्या घराजवळून गेलेलो असतो, आणि म्हणतो की ती आपल्या घरावर ओरडली.

या भीतीची किंमत पक्षी मोजतात. कुठे अमावास्येच्या अघोरी पूजेसाठी घुबड विकत घेतले जाते, कुठे तावीज-गंडा करणारा त्याची नखे मागतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, मारणे, विकणे गुन्हा आहे. कायदा आहे हे चांगलेच. पण जो पक्षी दारात बोलला तर आपण दगड उचलतो, तो बाजारात विकला जाताना पोलिसांना फोन कोण करणार?

ओळखीने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी मुलींना एका चांदण्या रात्री शहराबाहेर न्यायचे मी ठरवले. शाळेच्या नावाने परवानगी मिळाली नाही. "मुलींना रात्री? कशाला?" एवढाच प्रश्न होता, आणि 'पक्षी ऐकायला' हे उत्तर कोणाला उत्तर वाटले नाही. मग आम्ही हुरड्याला गेलो. सोलापूर जिल्ह्यात हुरड्याला जायला कोणाची हरकत नसते. एका मुलीच्या मामूंचे शेत होते. नऊ मुली, त्यांतल्या पाच जणींच्या आया, दोन वडील, मी आणि माझे शोहर. हुरडा झाला, दही-चटणी झाली, आणि नऊ वाजता आम्ही शेकोटी विझवून बांधावर ओळीने बसलो. बोलायचे नाही, मोबाइल उलटा ठेवायचा, अर्धा तास.

पहिली दहा मिनिटे नुसती चुळबूळ. मग लांबचा ट्रक, मग कुत्रे, मग रातकिडे. मुलींना आधी वाटले एवढेच आहे. त्यानंतर टिटवी आली, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. माळाकडून करवानक बोलला. आणि अचानक बाभळीवर पिंगळ्याची जोडी सुरू झाली. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना माहीत आहे. चिरचिर, कचकच, एकमेकांचे वाक्य तोडत. एका मुलीच्या आईने माझा हात घट्ट धरला. तिच्या सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या रात्री घरावर पिंगळा बोलला होता, हे तिने मला येतानाच सांगितले होते. मी काही समजावले नाही. चांदण्यात फांदीवर दोन मूठभर गोळे दिसत होते, डोके वरखाली करत एकमेकांशी भांडत होते. दोन-तीन मिनिटांनी तिची पकड सैल झाली आणि ती हसून म्हणाली, "अगे, ये तो सास-बहू लडरे!" मौनव्रत तिथेच संपले. परतताना एकदाच, लांबून, रातवा बोलला. तो ज्या मुलीने आधी ओळखला तिला वर्गात आम्ही सगळे शांत, मागे पडलेली मुलगी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना ऐकलेले आवाज लिहायला सांगितले, उर्दूत आणि मराठीतही. एकाच टिटवीचे नऊ प्रकारे लेखन झाले. कोणी 'ट' लिहिला, कोणी 'त', कोणी शेवटी प्रश्नचिन्ह घातले. त्यावर जी चर्चा झाली ती व्याकरणाच्या चार तासांत झाली नसती.

यावर आक्षेप येणार, आणि ते घ्यायला हवेत. पहिला सुरक्षेचा. तो खोटा नाही. माळावर घोणस असते, नाग असतो. पूर्ण बूट, विजेरी आणि चालताना पायापुढचा उजेड ही सक्तीची गोष्ट आहे. बसल्यावर तो मालवावा. कोणत्याही अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय जाऊ नये, त्याची गरजही नाही. ओळखीच्या माणसाचे शेत, शाळेची गच्ची, वस्तीच्या कडेचे पटांगण पुरते. मुली एकट्यादुकट्या नकोत, आयांसह हव्यात. पण सुरक्षेचा अर्थ रात्र मुलींच्या आयुष्यातून वजा करणे असा होत असेल, तर तो मला मान्य नाही. मुलगे रात्री अकरापर्यंत चौकात असतात. मुलीला रात्रीचे आकाश लग्नाच्या वरातीत आणि दवाखान्याच्या वाटेवरच दिसावे का? ज्या अंधाराची ओळखच करून दिली नाही, त्यात पुढे ड्युटी करणारी परिचारिका, पोलीस, डॉक्टर आपण त्यांच्यातून कशी घडवणार?

दुसरा आक्षेप, याने मिळते काय? परीक्षेत गुण नाहीत. मी एकच उदाहरण देते. जेर्डनचा धाविक नावाचा पक्षी १९००नंतर कोणालाच सापडला नव्हता. तो संपला असे लोक धरून चालले होते. जानेवारी १९८६मध्ये आंध्रातल्या कडप्पा भागात तो पुन्हा सापडला, तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधमोहिमेत. आणि सापडला कोणामुळे? रात्री विजेरी घेऊन फिरणाऱ्या स्थानिक शिकाऱ्यांमुळे. तो रात्रीचा पक्षी होता. जाणकार त्याला दिवसा शोधत होते. ज्यांना रात्र परिचयाची होती त्यांची कोणाला किंमत नव्हती. ज्ञान पुस्तकातून येते तसे ते असे बांधावरूनही येते, हे मुलींना कळणे मला पुष्कळ गुणांइतके वाटते.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, अडचण आहे. ऐकायला रात्रच उरलेली नाही. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सुमारे पाव लक्स असतो. रस्त्यावरचा पांढरा दिवा सहज दहा-वीस लक्स उजेड पाडतो. अशा दिव्याखाली कोकीळ रात्री दोनलाच पहाट झाली असे समजून ओरडतो, आणि आपण त्यालाच शिव्या देतो. आवाजाचे तर काय सांगावे! रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावू नयेत असा नियम २०००पासून आहे. लग्न, जयंती, उरूस, मिरवणूक, कव्वाली, डीजे: यात कोणी कोणाकडे बोट दाखवू नये, आपण सगळेच त्यात आहोत. पक्षी एकमेकांना शोधतात ते आवाजाने. घुबडाचे दोन कान थोडे खालीवर असतात, त्यामुळे गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या खसखशीवरून उंदीर पकडते. त्या कानांवर आपण रात्रभर काय ओततो, याचा विचार कोणत्याच मंडळाच्या बैठकीत होत नाही.

मार्ग नवा शोधायला नको, आपल्याकडे जागण्याच्या रात्री आधीच आहेत. कोजागरीला मराठी घरे गच्चीवर चांदण्यात दूध आटवत बसतात. शब-ए-बरात ही शाबान महिन्याची पंधरावी रात्र, म्हणजे तीही भर चांदण्याची. त्या रात्री आमच्याकडे लोक इबादतीसाठी जागतात आणि कब्रस्तानात जाऊन येतात. दर चांद्रमासाच्या तेरा, चौदा, पंधरा तारखांना 'अय्याम-ए-बीज', म्हणजे उजळ दिवस, म्हणून रोजे ठेवणारेही आहेत. चौदावीचा चाँद आणि शुद्ध चतुर्दशी-पौर्णिमा हे एकाच चंद्राचे दोन हिशेब आहेत. कोजागरीला गाण्यांच्या भेंड्या सुरू होण्याआधी अर्धा तास गच्चीवरचा दिवा आणि स्पीकर बंद ठेवावा. शब-ए-बरातला कब्रस्तानातून परतताना कडुलिंबावर कोणी बोलले, तर 'तौबा' म्हणण्याआधी क्षणभर थांबून ऐकावे. घरातल्या बायका कब्रस्तानात जात नसतील, तर त्यांनी गच्चीवरून ऐकावे. आवाज तिथेही पोचतो.

शाळांसाठी तर सरकारनेच सोय केली आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. एक सोलापूरचा, एक मुंबईचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२०पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आपण तो कसा पाळतो? चित्रकला स्पर्धा, निबंध, पाण्याच्या कुंड्या आणि फोटो. त्यांना माझा विरोध नाही. पण त्यात एक रात्र घाला. कार्तिकी पौर्णिमा बहुतेक वर्षी नोव्हेंबरातच येते. तिच्या आसपासची एक संध्याकाळ, सात ते साडेआठ, शाळेचे पटांगण, दिवे बंद, आया आणि मुली एकत्र. खर्च शून्य. मोबाइलमधून पक्ष्यांचे रेकॉर्डिंग वाजवून त्यांना जवळ बोलावू नये, कारण तो पक्षी खोट्या प्रतिस्पर्ध्याशी लढायला येतो आणि उगाच दमतो. आवाज ओळखणारी ॲप घरी आल्यावर वापरावीत, बांधावर नाही.

आणि ज्यांना शाळा, शेत, पटांगण यांतले काहीच जमणार नाही, त्यांच्यासाठी सोपे आहे. येत्या चौदावीला भांडी झाल्यावर गच्चीवर जा. दिवा मालवा. सोबत मुलीला घ्या, सासूबाई चढू शकत असतील तर त्यांनाही घ्या. काय ऐकू आले ते कागदावर लिहा, नाव माहीत नसले तरी चालेल, नुसता आवाज लिहा. पहिल्या दहा मिनिटांत काहीच ऐकू येणार नाही. तेव्हा उठू नका.